चार बोटांची पट्टी

"चित्र भिंतीवर टांगायला अक्कल कशाला लागते, बाबा? खिळा ठोकला की झालं!" असं आमचे जावई एकदा जेवताना म्हणाले. जावई पडले, म्हणून मी भात कालवत बसलो. दुसरं कुणी असतं तर ताटावरून उठवून हातोडी दिली असती आणि म्हटलं असतं, टांग बरं एक, बघू.

जावईबापूंना तेव्हा द्यायचं राहून गेलेलं उत्तर आता देतो. आधी भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी ताणायची. प्रत्येक चित्राचा मध्य त्या दोरीवर आला पाहिजे. वरच्या कडा एका रेषेत आणणारे पुष्कळ आहेत, त्यांची भिंत दुकानातल्या कॅलेंडरांसारखी दिसते. दोरी किती उंचावर ताणायची हा खरा प्रश्न. पुस्तकात माप दिलेलं असतं, पण ते माप सहा फुटी पुरुषांचं. मी दोरी ताणतो ती बायकांच्या डोळ्यांना. पुरुषांनी जराशी मान वाकवली तर काही बिघडत नाही.

मग खळ. बाजारातल्या बाटलीतला गोंद मी हातात धरत नाही. मैद्याची खळ शिजवायची, तीत चिमूटभर मोरचूद टाकायचा. मोरचूद विसरलात तर कसर आणि झुरळं महिन्याभरात अख्खं शहर खाऊन टाकतात. शहर म्हणतो, कारण आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या प्रदर्शनात भिंतीवर शहरंच असतात.

हे प्रदर्शन काय ते सांगतो. गावातले एक डॉक्टर, दोन मास्तर आणि मी, अशा चार रिकामटेकड्यांनी ते सुरू केलं. धान कापून झाले, लोकांना जरा उसंत मिळाली की थंडीत आठवडाभर भरवायचं. अट एकच. तुमच्या मनातलं आदर्श शहर कागदावर काढून आणा. चित्रकला यायलाच पाहिजे असं नाही, वयाची अट नाही, फी नाही. मी सरकारी कचेरीत शहरांचे नकाशे काढण्यात उभा जन्म घालवलेला माणूस. निवृत्तीनंतर घरी बसून बायकोला मिक्सर कुठं ठेवावा हे शिकवत होतो. तिनंच डॉक्टरांना सांगितलं म्हणे, "यांना काहीतरी टांगायला द्या हो, नाहीतर हे मलाच टांगतील." अशा रीतीनं मी टांगणारा झालो.

माणसं काय काय आणतात! कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेले एक सर दरवर्षी बालाघाटला समुद्र काढून आणत. गोदी, जहाजं, नारळाची झाडं, सगळं. मी एकदा न राहवून विचारलं, "सर, समुद्र आणला कुठून?" ते म्हणाले, "वैनगंगा शेवटी समुद्रालाच जाते ना? दरवेळी तिनंच का जावं? मी त्याला इकडे बोलावलं." पुढे त्यांच्या पत्नीकडून कळलं, सरांनी समुद्र कधी पाहिलेलाच नव्हता. मी ते चित्र दाराजवळच्या भिंतीवर लावायचो. तिथं ऊन येतं म्हणून ते माझ्याशी भांडायचे. आता सर नाहीत, आणि ती भिंत मला कोरडी वाटते.

एकदा कटंगीहून बचतगटाच्या चार बाया आल्या. त्यांच्या शहरात नुसता बसस्टँड होता. बसायला बाक, वर पत्रे, पाण्याचा नळ आणि बायकांसाठी संडास. संडासाच्या दाराची कडी आतल्या बाजूनं, लाल रंगात, चांगली ठसठशीत काढलेली. मी म्हटलं, "ताई, बाकीचं शहर कुठं आहे?" त्यांच्यातली थोरली म्हणाली, "भाऊ, आमी शहरात येतो तं बसस्टँडवरच बसतो ना. बाकीचं शहर तुमचं. तुमी काढा." मी त्या चित्राला पहिलं बक्षीस द्यायला लावलं. परीक्षक कुरकुरले, पण मी हटलो नाही. दुकानदारांची पोरं ते कॉम्प्युटरवरून छापलेले काचेचे मनोरे आणतात, त्यात बालाघाट कुठलं आणि सिंगापूर कुठलं, देव जाणे.

असल्या गमती मी तासभर सांगू शकतो. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. हा लेख मागणाऱ्या संपादकांना तेच हवं होतं. पण लिहायला बसलो तेव्हापासून हात एकाच चित्राकडे जातो आहे. ते आता सांगूनच टाकतो.

सुखदेव मेश्राम आमच्या कचेरीत खलाशी होता. खलाशी म्हटल्यावर तुम्हाला बोट आठवेल. आमच्याकडे मोजणीला जाणाऱ्या मदतनिसाला खलाशी म्हणतात. मोजणीच्या फित्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा घेऊन तो पुढे जायचा, मी लांबून हात करीन तिथं रोवायचा आणि सरळ धरून उभा राहायचा. सोपं वाटतं. भर उन्हात, गुडघाभर चिखलात, वारा सुटलेला असताना दांडा केसभर न कलता धरून दाखवा. बाकीच्यांना ओळंबा लावावा लागायचा, सुखदेवला नाही. मी त्याच्या दांड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. माझ्या नकाशांचं साहेबलोकांनी कौतुक केलं ते सुखदेव सरळ उभा राहिला म्हणून. नकाशाच्या कोपऱ्यात सही मात्र माझीच असायची. खलाशाचं नाव लिहायला तिथं रकानाच नव्हता.

पंचवीस वर्षं आम्ही एका फित्याच्या दोन टोकांना होतो. दिवाळीत तो माझ्या घरी यायचा. भावाच्या शेतातले नवे तांदूळ पिशवीत घालून आणायचा, ओट्याच्या पायरीवर बसायचा. आम्ही त्याला फराळ द्यायचो, चहा द्यायचो. चहा स्टीलच्या पेल्यात. घरात आलेल्या माणसांना कपबशी आणि पायरीवर बसणाऱ्यांना तो पेला, अशी आमच्याकडची रीत होती. ती कुणी घातली ठाऊक नाही, मोडली मात्र मीही नाही. जाताना सुखदेव म्हणायचा, "या ना जी एकडाव घरी." मी म्हणायचो, "येऊ, येऊ." असं पंचवीस दिवाळ्या.

त्याचं घर नाल्यापलीकडच्या टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत होतं. आता तिथं पूल झाला आहे, तेव्हा दगडांवरून पाय टाकत जावं लागे. गावाची मोठी योजना करायची ठरली तेव्हा आम्ही दोघांनी सगळं गाव मोजलं. बाजार, शाळा, तलाव, स्टेशन, गल्लीबोळ. मग मी तीन महिने टेबलावर वाकून मोठा नकाशा काढला. पालिकेची हद्द नाल्यापाशी संपत होती, म्हणून कागदही नाल्यापाशी संपवला. पलीकडचा कागद करायचा हुकूमच नव्हता.

नकाशा पूर्ण झाल्यावर सुखदेव तो बघायला आला. पाठीमागे हात बांधून बराच वेळ बघत राहिला. त्याला शाळा सापडली, तलाव सापडला. मग म्हणाला, "साहेब, आमचं घर कुठं येते जी?"

मी हातातली पेन्सिल कागदाच्या कडेवरून पुढं नेली आणि टेबलाच्या लाकडावर टेकवली. म्हटलं, "हे बघ, इथं. तू टेबलावर राहतोस."

कचेरीतले सगळे हसले. सुखदेवही हसला. मग हळूच म्हणाला, "इतकं गाव मोजलं जी मी. एकडाव आपलं घर कागदावर पाहू द्या ना."

मी म्हटलं, "हुकूम येऊ दे, काढू." हुकूम आला नाही. नंतर मशिनं आली, नकाशे पडद्यावर गेले, फीता कपाटात गेला. सुखदेव निवृत्त झाला, मागोमाग मीही. टेबलावरचा तो विनोद मात्र मी पुष्कळ वर्षं सांगत होतो, लग्नाकार्यात, पंगतीत. लोक दरवेळी हसायचे.

आता कचेरीतली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोठ्या नकाशाचा कागद हाताळला की घामाच्या बोटांनी कडा मळतात. म्हणून आम्ही काम चालू असेतो कागदाच्या उजव्या कडेला चार बोटं रुंद कागदाची पट्टी चिकटवायचो. उचलायचं, धरायचं ते त्या पट्टीला. पेन चालतं की नाही ते बघायला रेघोट्याही त्याच पट्टीवर ओढायच्या. नकाशा पुरा झाला की पट्टी कापून टाकायची. पट्टी चिकटवण्याचं काम खलाशाचं, कापण्याचं काम माझं. सुखदेवनं माझ्यासाठी अशा किती पट्ट्या चिकटवल्या असतील त्याची गणतीच नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रदर्शनाची चित्रं गोळा करत मी सभागृहात बसलो होतो. दुपारची वेळ, टेबलावर चित्रांचा ढीग, दोन माणसं रांगेत, आणि तेवढ्यात दारातून सुखदेव आला. उजव्या अंगावरून वारं गेलेलं. एक पाय ओढत होता. सोबत त्याची बायको यमुनाबाई, तिच्या खांद्यावर त्याचा एक हात, दुसऱ्या हातात गुंडाळी.

"अरे सुखदेव! हे काय करून घेतलंस?"

"झालं जी. जयभीम." तो हसला. अर्धंच तोंड हसलं. "म्याबी शहर काढलं. घ्याल का?"

"न घ्यायला काय झालं? आण इकडं."

मी गुंडाळी उलगडली. पेन्सिल आणि स्केचपेननं काढलेलं बालाघाट. रेघा थरथरलेल्या, पण जागच्या जागी. बाजार, शाळा, तलाव, स्टेशन, जिथं आहे तिथंच. मोजलेलं गाव तो विसरला नव्हता. मी कौतुकानं बघितलं आणि माझ्या सवयीप्रमाणे चूक शोधली. म्हटलं, "सुखदेव, हे तर आपलं आहे तसंच गाव काढलंस. यात आदर्श काय रे?"

"सगळं पाहा ना जी," तो म्हणाला. "आरामात पाहा. घाई नोका करू."

यमुनाबाई म्हणाली, "दोन महिने लागले त्यायले. हात चालत नाही, तरी रोज बसत होते. जेवण थंडं होऊन जाये."

"बघतो, बघतो. मागं माणसं खोळंबलीत," मी म्हटलं आणि गुंडाळी ढिगावर ठेवली. तो आणखी काही बोलणार होता असं वाटलं. पण रांगेतल्या बाईनं आपलं चित्र पुढं केलं, आणि सुखदेव बाजूला झाला. जाताना म्हणाला, "उद्या येतो जी पाहाले. भिंतीवर."

सगळ्या चित्रांना आम्ही एकाच मापाचा पुठ्ठा लावतो. पुठ्ठे आधीच कापून आलेले असतात. सुखदेवचं चित्र पुठ्ठ्यावर ठेवलं तर उजवीकडून बाहेर जात होतं. बघतो तर कडेला चार बोटं रुंद पट्टी, मागून चिकटवलेली, सांधा जराही वर न आलेला.

माझं मन भरून आलं. खरंच सांगतो. वाटलं, बघा, वारं गेलेल्या हातानं चित्र काढलं, तरी पट्टी लावायला विसरला नाही पठ्ठ्या! पट्टीवर काही रेघा दिसल्या. एक चौकोनासारखं, एक झाडासारखं, आणि खाली चार-सहा काड्या. पेन चालतं का ते बघितलं असेल, असं मी समजलो. पट्टी म्हणजे रेघोट्यांचीच जागा. मी पोलादी फूटपट्टी ठेवली, सुरी घेतली आणि एका ओढीत सांध्यावर कापलं. इतकं सफाईनं कापलं की स्वतःवरच खूश झालो. मग पुढचा पुठ्ठा घेतला. खळीचा ब्रश पुसायला काहीतरी हवं होतं, तर त्याच पट्टीला ब्रश पुसला आणि ती बोळा करून खाली टाकली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास सुखदेव आला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. यमुनाबाई नव्या लुगड्यात. त्याचं चित्र मी मधल्या भिंतीवर, चांगल्या उजेडात लावलं होतं. दोरी बायकांच्या डोळ्यांना असल्यामुळे वाकलेल्या सुखदेवलाही ते बरोबर समोर येत होतं. मी कौतुकाचे दोन शब्द ऐकायला शेजारी जाऊन उभा राहिलो.

तो बघत राहिला. पाठीमागे हात बांधता येत नव्हते, एकच हात मागं गेला. मग पुढं झुकला. उजव्या कडेकडे गेला, परत मधे आला, परत कडेकडे गेला. यमुनाबाईनं विचारलं, "काय झालं जी?"

मग त्यानं डावा हात उचलला आणि चित्राच्या कडेवरून बोट पुढं नेत बाहेरच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर टेकवलं.

"इथं होतं," तो म्हणाला.

मला काही कळेना. "काय होतं?"

"घर होतं जी आमचं. कागद पुरला नाही, मनून पट्टी लावलीती."

मी सुन्न झालो. माझा चेहरा बघून त्यालाच काय झालं ते समजलं. पंचवीस वर्षं माझ्या हातची कापाकापी त्यानं पाहिली होती. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो तेच अर्धं हसू हसला आणि म्हणाला, "असू द्या. मी अजून टेबलावरच आहो जी."

आसपास माणसं होती. कुणीतरी समुद्राच्या जागी लावलेल्या मेट्रोच्या चित्राला वाहवा देत होतं. मी तिथून मागच्या दाराकडे धावलो म्हटलं तरी चालेल. कचऱ्याचा ढीग अजून उचललेला नव्हता. मी, जन्मभर बाह्या न मळवणारा माणूस, उकिडवा बसून तो ढीग उपसला. बोळे सापडले. खळीनं घट्ट चिकटलेले, मोरचुदानं हिरवट पडलेले. नळाखाली धरून एकेक सोडवला. जी पट्टी त्याची असावी असं वाटलं तिच्यावर निळा-जांभळा ओघळ होता, बाकी काही नाही. स्केचपेनची शाई पाण्यात राहते थोडीच!

परत आलो तेव्हा दोघं बाकावर बसले होते. मी सुखदेवच्या समोर उभा राहिलो. त्याच्यासमोर माझी मान खाली गेली होती, ती पहिल्यांदाच. म्हटलं, "सुखदेव, माझी चूक झाली. मी तुझी पट्टी ती आपली नेहमीची पट्टी समजलो. तू परत काढ, मी नवा कागद जोडून देतो."

त्यानं हात पुढं केला. बोटं नीट वळत नव्हती. "आता नाही होत जी. तेच मुश्किलीनं झालं."

"मग मी काढतो. तू बसून सांग, मी काढतो. जसंच्या तसं काढीन."

"कसं काढाल?" त्यानं विचारलं. खोचकपणे नाही, खरंच विचारलं. "तुमी पाह्यलं कुठं घर?"

दार कुठल्या दिशेला आहे तेही मला माहीत नव्हतं. त्याला माझ्या घराची पायरीन् पायरी ठाऊक होती, माझ्या मुलीच्या लग्नात त्यानं मांडवाचे खांब सरळ उभे केले होते. आणि मी गावातलं एकूणएक घर मोजलेला माणूस, त्याच्या घराबद्दल मला सांगता येईल अशी एक ओळ नव्हती. मला भयंकर लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

सुखदेवच म्हणाला, "चला ना मंग घरी. पाहून घ्या अन् काढा. आज चला."

"आज कसं जमेल? प्रदर्शन चालू आहे. हे उतरवलं की येतो. नक्की येतो."

"हौ," तो म्हणाला. यमुनाबाईच्या खांद्यावर हात ठेवून उठला. दारापाशी थांबून मागं वळला, "फीता आणजा जी. मी दुसरं टोक धरतो."

प्रदर्शन उतरवलं. मग चित्रं परत करायची होती, त्यात आठवडा गेला. मग हिच्या मोतिबिंदूसाठी गोंदियाला गेलो. मग माझाच खोकला निघाला. आज जाऊ, उद्या जाऊ. खरं कारण हे की मला तोंड दाखवायचं नव्हतं. मी फीता कपाटातून काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवला होता. येताजाता दिसायचा. ही विचारायची, "जाणार आहात ना?" मी म्हणायचो, "जातो गं."

चौथ्या आठवड्यात सभागृहाच्या चौकीदारानं सांगितलं, "वो आपके मेश्रामजी नहीं रहे, बाबूजी. तीन दिन हो गए."

मी गेलो. फीता नेला नाही. सुखदेवचं चित्र तेवढं काखेत घेतलं. पूल ओलांडला आणि विचारत विचारत पोचलो. माझ्या ओट्यापासून त्याच्या दारापर्यंत बाराशे चाळीस पावलं झाली. सवय जात नाही, मोजली गेली. पंचवीस वर्षांत बाराशे चाळीस पावलं.

घर कौलारू, दोन खोल्यांचं. दार पूर्वेला. अंगणात कडुनिंब. अंगण नुकतंच शेणानं सारवलेलं. यमुनाबाई बाहेर आली. मी हात जोडले. तीच म्हणाली, "या साहेब. तुमची वाट पाहत होते. फीता आणतील मने, मंग टोक कोन धरल, मलेच शिकवून राह्यले होते."

मी चित्र तिच्या हातात दिलं. ती ते उंबऱ्यावर घेऊन बसली. बराच वेळ पाहून तिनं उजव्या कडेवरून अंगठा फिरवला, मी कापलं होतं तिथं. सुरीनं इतकं साफ कापलेलं की कुठंही धस नव्हती.

"यमुनाबाई, त्या पट्टीवर काय काय होतं?" मी विचारलं. "मला नीट सांगा. आता मी घर पाहिलं. मी काढतो. दार, कौलं, निंब, सगळं काढतो."

"घर होतं," ती म्हणाली. "निंब होता. अन् निंबाखाली दोन खुर्च्या."

त्या खालच्या काड्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. पेन चालतं का ते बघितलं असेल म्हणून मी सोडून दिलेल्या चार-सहा काड्या. खुर्च्यांचे पाय होते ते.

"दोन?"

"एक त्यायची." ती थांबली. "एकीवर तुमी बसले होते. हातात कपबशी काढलीती. मी हासली. मनलं, काहीबी काढता जी, साहेब कधी येते का आपल्याकडं? तं मने, आदर्श शहर काढाले सांगतलं ना वो यमुने. मंग?"

मी निंबाच्या खोडाला धरून उभा राहिलो. डोळ्यांतलं पाणी आवरेना, आवरलंही नाही. बाकीचं गाव त्यानं आहे तसंच काढलं होतं. त्यात त्याला काही बदलायचं नव्हतं. बदलायचं होतं ते एवढंच, चार बोटांच्या पट्टीवर मावेल इतकं, आणि ते घडवायला हुकूम लागत नव्हता.

यमुनाबाई आत गेली. एक खुर्ची घेऊन आली, निंबाखाली ठेवली. परत आत गेली आणि दुसरी आणली, तीही शेजारी ठेवली. मग पदरानं माझी खुर्ची पुसली.

"बसा जी," ती म्हणाली. "चहा ठेवते."

मी बसलो. तिनं कपबशीतून चहा आणला. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी चहा संपवला, आणि संध्याकाळ होईपर्यंत तिथून उठलो नाही.